पायाळू विज्ञान संवादक

विज्ञानाचा प्रसार करायला निघालेल्या माणसानं जन्माला येताना आधी डोकं बाहेर काढावं. मी पाय काढले. अशा माणसाला आमच्या कवठे महांकाळकडे पायाळू म्हणतात आणि पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं, असं अख्खा तालुका मानतो. (मला चष्म्याशिवाय जमिनीवरचंही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी!)

एम.एस्सी. झाल्यावर मी घरात जाहीर केलं, की मी विज्ञान संवादक होणार.

"म्हंजी करनार काय?" वडिलांनी, म्हणजे आण्णांनी विचारलं.

"लोकांना विज्ञान समजावून सांगणार."

"आन् लोकांनी न्हाई ऐकलं तर?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

तेवढ्यात मामा पुढं सरसावले. मामा विट्याचे. तिकडच्या पुष्कळ लोकांसारखं त्यांचंही परमुलखात, सेलमला, सोनं गाळायचं दुकान. जत्रेसाठी आमच्या गावी आले होते. "चल माज्यासंगं. सोनं गाळायला शीक. त्येबी विज्ञानच हाय की रं!"

शेवटी तोडगा निघाला. जत्रेत मी विज्ञानाचा कार्यक्रम करायचा. गावाला पटला तर मी माझ्या मार्गानं मोकळा, नाही तर मामांबरोबर सेलम. मामांनी माझं तिकीट काढूनही टाकलं. इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी दाखवला नव्हता!

विषय मी निवडला नारळाचा. आमच्याकडे बोअर मारण्याआधी नारळ आडवा तळहातावर ठेवून रानातून फिरतात. तो उभा राहिला, की खाली पाणी! मी माइक हातात घेऊन गर्जना केली, "हा चमत्कार नाही! हाताचे स्नायू आपल्या नकळत हलतात, म्हणून नारळ उभा राहतो. तो कुठंही उभा राहील!"

नुसतं बोलून थांबलो असतो तर आज सुखात असतो. पण प्रयोगाशिवाय विज्ञान कसलं? मी सगळ्यांना देवळामागच्या कातळावर नेलं. तिथं गावातले सगळ्यात वयस्कर खाशाबातात्या यांची बोअर कोरडी गेलेली. मी तळहातावर नारळ ठेवला. चार पावलं टाकली आणि नारळ ताठ उभा!

"बघा! उभा राहिला! आणि इथं तर पाण्याचा थेंब नाही!"

मी टाळ्यांची वाट बघत थांबलो. मग तात्यांनी कपाळावर हात मारला.

"आरं, पानी हाय! माजीच बोअर हातभर बाजूला पडली म्हना की!"

"आवं तात्या, पाणी नाही तिथं!"

"आता कळलं, आमचं कुटं चुकलं त्ये!"

एवढ्यात बायकांमधून आमची आई उठली. तिला माइकची गरज लागत नाही. "पायाळू हाय माजं प्वार! आदी पाय आल्यात त्येचं! सुईनीला इचारा!"

झालं! लोक माझ्या पाया पडायला लागले. मी माइकवरून स्नायू, स्नायू असं कोकलत होतो, तर मागून कुणीतरी म्हणालं, "बगा, एवडी इद्या हाय, पर गर्व न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला रांग. प्रत्येकाच्या हातात नारळ. मामांनी माझं तिकीट रद्द केलं. "ह्येला सेलमला न्हिऊन काय करू? ह्येचं सोनं हितंच झालंया!" आण्णांनी वेशीवर फ्लेक्स लावला. पदवीदान समारंभातला माझा फोटो, शेजारी उभा नारळ आणि खाली मोठ्या अक्षरात 'सुप्रसिद्ध पायाळू विज्ञान संवादक'! सेलम टळलं, पण कशासाठी? मला अक्षरशः रडू आलं.

"आई, यांना परत पाठव."

"दारात आल्याली मानसं? च्या तरी घिऊ दे की!"

चहा उकळेपर्यंत करायचं काय, म्हणून मी बोलायला लागलो. पाऊस जमिनीत कुठं मुरतो, कातळावरून कुठं पळतो, एकमेकांच्या विहिरी आपण कशा उपसतो. आणि नवल म्हणजे एकही माणूस उठला नाही. उठणार कसा? नारळ व्हायचा होता ना!

शेजारच्या काशीकाकू नारळ मांडीवर घेऊन ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "मंजी बाबा, पावसाचं पानी माज्या बांधावरनं उडी मारून वड्याला जातंय. त्येच आदी अडवलं तर?"

मला एवढा आनंद झाला, की त्यांना उचलून नाचावंसं वाटलं! (काकूंचं वजन पाहता तोही विज्ञानाचाच विषय झाला असता.) माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा प्रश्न. आम्ही सगळे उठून त्यांच्या रानात गेलो, बांध बघितला, दगड कुठं रचायचे ते ठरलं. नारळ कुणाला आठवलाच नाही. निघताना काकूंनी तो माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे, चटनी करा."

मग तोच रिवाज पडला. आधी चहा, मग विज्ञान, शेवटी नारळ. निम्मे लोक तर नारळाआधीच समाधानानं घरी जायचे. घरात नारळाच्या वड्या खाऊन आण्णांचं पोट सुटलं, पण गावागावांतून मला बोलावणी यायला लागली.

त्या बोलबाल्यावर सांगलीच्या एका संस्थेनं मुलाखतीला बोलावलं. त्यांना गावोगाव जाऊन विज्ञान सांगणारा माणूस हवा होता.

"लोकांना एवढा वेळ बसवून कसं ठेवता?" साहेबांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. साहेब हसून हसून खोकायला लागले आणि मला नोकरी मिळाली. मी हवेतच होतो. मला पोहोचवायला ते दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "घरामागं बोअर घ्यायचीय. तसा माझा विश्वास नाही हो. पण तुम्ही खरंच पायाळू आहात ना?"

मी तिथंच स्नायूंपासून सुरुवात केली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पटलं. अगदी शंभर टक्के पटलं. पण एकदा बघायला काय हरकत आहे?"

मी नकार द्यायला तोंड उघडलं, तोवर त्यांचं लक्ष माझ्या पिशवीकडं गेलं होतं. प्रमाणपत्रांच्या आडून नारळाची शेंडी डोकावत होती. आईनं गुपचूप ठेवला होता!

नारळ साहेबांच्या परसात उभा राहिला. मी म्हणालो, "स्नायू!" साहेब म्हणाले, "पाणी!" आणि सोमवारपासून मी कामावर रुजू झालो.

थोडक्यात काय, जन्मासारखाच नोकरीतही मी आधी पाय घालून शिरलो. डोकं येतंय मागून.