लंडनची पाहुणी आणि आमच्या म्हशी

इंग्रजी बोलणारी पोरगी म्हणून पंचक्रोशीत माझं नाव झालं होतं, ते कुणी केलं देव जाणे! बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि इंग्रजीत सलग चार वाक्यं बोलायची म्हटलं की मला घाम फुटायचा. पण वडवणीच्या स्टँडवर लंडनची एक बाई उतरली, तिचं बोलणं कुणाला कळेना, तेव्हा लोकांनी तिला रिक्षात घालून सरळ आमच्या दारात आणून सोडलं.

साठीची असेल. रंगारूपानं आमच्यातलीच, पण मराठीचं अक्षर येत नव्हतं. तिच्या पणजीला इंग्रजांनी मॉरिशसला ऊस तोडायला नेलं होतं. त्या वेळच्या कागदाची नक्कल तिनं पिशवीत जपून आणली होती. त्यावर एक नंबर, अंगठा आणि जिल्हा बीड. गावाचं नाव लिहायची गरज साहेबाला वाटली नव्हती, म्हणून ती पणजीचं गाव शोधत जिल्हाभर फिरत होती.

"म्हंजे ही आपल्या तोडणीवाल्याचीच की गं!" माय म्हणाली. खरंच होतं ते. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव लेकराबाळांसकट सहकारी कारखान्यांचा ऊस तोडायला जातं. साहेब गेला, चेअरमन आले, वाकून ऊस तोडणारी बाई तीच राहिली. पाहुणी तर पुढं मॉरिशसहून लंडनला जाऊन राहिली होती, म्हणून आम्हाला वाटलं, हिचं तरी नशीब उघडलं.

ते साल दुष्काळाचं होतं. टँकर दोन दिवसांआड यायचा, तरी मायनं पाहुणीला अंघोळीला दोन घागरी पाणी दिलं. मला राग आला होता. गावातल्या बायकांची एक लहानशी दूध संस्था होती आणि माय तिची अध्यक्ष होती. कडबा संपलेला, म्हशींच्या बरगड्या मोजाव्यात अशी गत. येत्या बाजारात म्हशी विकायच्या आणि नवऱ्यांबरोबर पुन्हा तोडणीला जायचं, असं ठरत आलं होतं. म्हशी गेल्या की संस्था बुडाली, आणि मायची कंबर तर आधीच कामातून गेलेली. त्यात लंडनची बाई आली म्हटल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी संस्थेच्या खोलीत बायका जमल्या. माय उभी राहिली. "बाईला म्हणावं, आमाला पैसा नको. पावसाळ्यापस्तोर चारा द्या. आमी संस्थेला तुमचं नाव लावतो."

मी सांगितलं. पाहुणी मान खाली घालून ऐकत होती. मग हळूहळू बोलायला लागली. ती लंडनमध्ये हापिसांचे संडास साफ करत होती. लोकांच्या घरात एक खोली भाड्यानं घेऊन राहायची, थंडीत हीटर लावतानाही तिचा हात आखडायचा. सोबत काम करणाऱ्या बायकांनी वर्गणी काढून तिचं तिकीट काढलं होतं. "माझ्याकडे काही नाही, हे त्यांना नीट सांग," म्हणाली.

सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. लंडनमध्ये संडास धुणारी बाई असते हेच माझ्या डोक्यात शिरेना. खरं सांगितलं तर हिला कुणी चहासुद्धा विचारणार नाही, अशी भीती वाटली. आणि मान्य करते, मला मिरवायचंही होतं. मी म्हणाले, "बाई म्हणतात, गेल्यावर चाऱ्याचं बघते."

झालं! कुणी तिला मिठी मारली, कुणी पाया पडलं, एका म्हातारीनं तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली. पाहुणी ढसाढसा रडली. "सगळं सांगितलंस ना?" तिनं मला विचारलं. मी मान डोलावली.

पाहुणी परत गेली आणि बायकांनी म्हशी विकल्या नाहीत. तोडणीच्या मुकादमाला नाही म्हणून कळवलं, त्यांना न घेताच गाड्या भरून गेल्या. पोस्टमन दिसला की मी मागच्या दारानं सटकायचे. महिन्याभरात म्हशी भुकेनं बसायला लागल्या, आणि अशी बसलेली म्हैस पुन्हा उठत नाही. आमची गेली तेव्हा माय ओल्या पदरानं तिचं तोंड पुसत होती. तेव्हाही म्हणत होती, "येईल गं चारा, लांबचा मुलूख हाय." तिथं तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

शेवटी पत्र आलं. बायका पुन्हा खोलीत जमल्या. "वाच की गं लवकर!" पाहुणीनं लिहिलं होतं, 'मी माझी गरिबी तुम्हाला सांगितली, तरी तुम्ही मला पोटाशी धरलं. माझ्याजवळ काही नाही हे ठाऊक असून असं मला आजवर कुणी धरलं नव्हतं. मी कामावरच्या बायकांना रोज तुमच्याबद्दल सांगते.'

या वेळी मी शब्दाला शब्द सांगितला. त्या दिवशी काय केलं होतं, तेही सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. "कावून केलंस गं असं?" एवढंच एकीनं दारातून विचारलं, आणि एकेक करून सगळ्या निघून गेल्या.

माय तशीच बसून होती. "तिला ह्यातलं काई कळवू नगंस," म्हणाली. मग पदर झटकून उठता उठता बोलली, "तिचे हात हातात घेतले तवाच मला कळलं व्हतं, ही घासणारी बाई हाय. पण म्हटलं, पोरगी शिकलेली हाय, ती सांगती तेच खरं असंल."