काकांच्या न्हाणीचा उतार

अजून आठवलं की डोकं फिरतं. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला ठाकूरद्वारला आमच्याकडे यायची होती आणि न्हाणीची जमीन खचलेली. म्हणून गवंडी बोलावला.

त्यानं जुनी ओली माती खणून काढली, तळ ठोकून घट्ट केला आणि विटांच्या तुकड्यांचा, चुन्याचा कोबा धरला. वरची गुळगुळीत घोटाई पाणी मुरू नये म्हणून. पण उतार द्यायचा तो आधी, कोब्यातच. मोरीचं भोक गल्लीकडे, दक्षिणेला. उतार साहजिकच तिकडे.

तेवढ्यात काका आले. वडील गेल्यापासून घरात त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

"घरात बाळंतपण, आणि यमाच्या दिशेला पाणी सोडतोस? फोड! उत्तरेकडे उतार दे."

"काकासाहेब, उत्तरेला ताईंची बाळंतपणाची खोली. भोक इकडं हाय."

"मग भिंतीच्या कडेनं चर काढ आणि पाणी आण फिरवून."

"एवढ्याशा जागेत चराला उतार कुठनं आणू?"

"मला शिकवतोस?"

गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनियराच्या कचेरीत नकाशे काढणारा! दातखीळ बसली होती काय माझी? उपरणं सावरलं आणि कामावर निघून गेलो.

दोन दिवस मजूर बायांनी तो उलट्या उताराचा कोबा पिटला. न्हाणी बाळंतिणीसाठी राखून आम्ही सगळे वाडीतल्या विहिरीवर अंघोळी करत होतो. बहीण आली, तिला मुलगी झाली.

चौथ्या दिवशी घरी आलो तर बाळंतिणीच्या पहिल्याच अंघोळीचं पाणी न्हाणीच्या उंबऱ्यावरून खोलीत शिरलेलं. बाजेखालची शेगडी विझलेली, बाळाची दुपटी भिजलेली आणि माझी बहीण, चार दिवसांची ओली बाळंतीण, उकिडवी बसून तांब्यानं पाणी उपसत होती. आई बाळाला छातीशी धरून रडत होती. आणि काका? ओटीवर सुपारी कातरत म्हणाले, "थोडं सोसा. दिशा तरी शुभ आहे."

माझं टाळकंच सटकलं. पहार घेतली आणि तो कोबा फोडायला लागलो. काका ओरडले, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं मी ओरडलो, "तुमचा यम गल्लीत नाही, काका, ह्या उतारात बसलाय!"

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं, बहीण आता सुटल्यासारखी हसेल.

ती भिंतीला धरून उठली. थंडीनं दात वाजत होते.

"दादा, तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना? मग आत्ता कशाला ओरडतोस?"