माझ्या वाटणीचा चिखल

माझ्या धाकट्या जावेचा हात लागला की काहीही रुजायचं. अळू रुजायचं, मिरची रुजायची, आणि सासूच्या मनात तर ती लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच रुजली. मी थोरली. घरात आधी आले, मासळीची पाटी आधी डोक्यावर घेतली, तरी सासूच्या तोंडी कौतुक असायचं ते धाकटीचं. मी जळायचे. अजूनही जळते, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

डोंबिवलीच्या खाडीकाठी आमचं घर, दोन भावांच्या दोन चुली. नव्वदच्या सुमारास खाडीची पार रया गेली होती. कारखान्यांचं पाणी उतरायचं, माशांना रॉकेलचा वास यायचा, गिऱ्हाईक मासा नाकाला लावून परत पाटीत ठेवायचं. काठावरची तिवरं तर आम्हीच तोडून चुलीत घातली होती. झाडं गेली तसं भरतीचं पाणी घरामागचा मातीचा बांध खाऊ लागलं. शेवटी सासूनं फर्मान काढलं, घरामागच्या काठावर पुन्हा तिवर लावायचं. पट्टी मधोमध वाटली. उजवीकडची माझी, डावीकडची धाकटीची.

ह्या वेळी सासूला माझं नाव घ्यायला लावायचंच, असं मी ठरवलं. पावसात वाहून आलेल्या तिवराच्या बिया वेचल्या, गुडघाभर चिखलात उतरून लावल्या. काठावर म्हशी चरायला यायच्या. त्यांना अडवायला मी नवऱ्याचं जुनं जाळं काढलं, बांबू रोवले आणि माझ्या पट्टीभोवती चारी बाजूंनी ताणून बांधलं. धाकटा दीर मासेमारी सोडून रिक्षा चालवत होता, त्याच्याकडे जाळं कुठलं? धाकटी आपली काठी घेऊन उन्हात म्हशी हाकत बसायची. मला घरातून बघताना मजा वाटायची.

कोळ्याची सून मी, आणि खाडीत जाळं लावलं की ते धरणारच, एवढं काही मला सुचलं नाही! पार कल्याणपासून वाहत आलेल्या पिशव्या, चपला, निर्माल्य, सगळं माझ्या जाळ्यात अडकत गेलं. उधाणाच्या भरतीला बांबू आडवे झाले आणि ते सगळं ओझं रोपांवर बसलं. एक रोप वाचलं नाही. धाकटीच्या पट्टीत कचरा भरतीबरोबर आला आणि ओहोटीबरोबर निघून गेला.

सासू काठावर येऊन बघून गेली. म्हणाली, "थोरलीनं जालं लावलं, कचरा गावला." आळीभर ते फिरलं. महिनाभर मी पाण्याच्या नळावर मान वर केली नाही.

धाकटीची तिवरं कमरेएवढी झाली. मुळांतल्या चिखलात निवट्या, त्या बोटभर मासळ्या, उड्या मारायला लागल्या, मग मोठ्या नांग्यांच्या चिंबोऱ्या आल्या. पहिली चांगली भरलेली चिंबोरी घेऊन ती माझ्याच दारात उभी राहिली. "वयनी, पयला वाटा थोरल्या घराचा." रीतच तशी, नाही कशी म्हणणार? तिचा रस्सा झकास झाला. त्याचाही मला राग आला.

पुढे तिच्या झाडांना बिया धरल्या. पिकून पाण्यात पडल्या आणि भरतीनं माझ्या उघड्या चिखलात आणून टाकल्या. मी बोट लावलं नव्हतं, तरी माझी पट्टी हिरवी होत गेली. उपटून टाकावं म्हणून एकदा पदर खोचून खाली उतरलेसुद्धा. पण ती झाडं राखणार तो बांध आमच्याही घराचा होता. तशीच चिखलाच्या पायांनी वर आले.

सासूला तोवर नीट दिसेनासं झालं होतं. एका संध्याकाळी आम्ही दोघी तिला हात धरून काठावर घेऊन गेलो. ती उजवीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "थोरलीचं पन रुजलं गो. झ्याक केलंस."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते ऐकायला मिळालं, आणि धाकटी शेजारीच उभी. ती झाडं कुणाची ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती हसली आणि म्हणाली, "हो आय, वयनीचं पन रुजलं."

एकदा तरी तिनं "माझी आहेत ती" म्हणायला हवं होतं. मग मला तिच्याशी भांडता आलं असतं.