चिरून धुतलेला पालक

माझी धाकटी सून पालक तपासते. हे शेजाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "आणि पोरांना कोण तपासतं?" अहो, भाजीचा पालक! पानांतलं ब जीवनसत्त्व यंत्रावर मोजायचं, हे तिचं काम. चौथी पास असलेल्या मला त्यातलं अर्धंच कळतं, पण सांगायला फार आवडतं.

तर एकदा शाळेच्या स्वयंपाकघराला पालक पुरवणाऱ्या माळीणबाईंची जुडी तपासायला आली. नव्या साहेबांनी भिंतीवर कागद लावला होता : चिरा, धुवा, वाटा. सूनबाईनं निमूट तसंच केलं. आकडा आला निम्मा. असा अहवाल गेला की माळीणबाईंचा पालक शाळेत कायमचा बंद. सूनबाई सही करणार नाही म्हणून अडून बसली.

साहेब म्हणाले, "यंत्र खोटं बोलतं का?"

"यंत्र खरंच बोलतंय. साहेब, तुमच्या घरी भाजी आधी धुतात की आधी चिरतात?"

"मी स्वयंपाकघरात जात नाही."

"ते कागदावर दिसतंच आहे."

साहेब लाल! "उद्यापर्यंत सही करा, नाहीतर आठवडाभर बाटल्या धुवा!"

"धुते की. पण आधी चिरणार नाही."

घरी येऊन मला म्हणते, "बाबा, कदाचित नोकरीही जाईल. घरीच बसावं लागेल."

"बस की. मी गोष्टी सांगेन."

"अगं बाई! मग नोकरी टिकवलीच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेल्या जुडीचे दोन वाटे केले. एक अख्खा धुऊन मग चिरला. आकडा पुरेपूर. दुसरा कागदाप्रमाणे चिरून धुतला, पण धुतलेलं पाणी ओतलं नाही, तेच यंत्रात घातलं. हरवलेलं जीवनसत्त्व बऱ्यापैकी त्या पाण्यातच सापडलं! तिन्ही आकडे साहेबांच्या टेबलावर आपटले.

"पाणी तपासायला कुणी सांगितलं होतं?"

"माझ्या सासूबाईंनी. चिरून धुतलं की त्या ओरडायच्या, सगळं सत्त्व मोरीत घातलंस!"

आमची ही जाऊन सहा वर्षं झाली, आणि तिचा आवाज थेट साहेबांच्या खोलीत पोचला बघा.

साहेबांनी भिंतीवरचा कागद स्वतः काढला. नवा अहवाल गेला, त्यावर सूनबाईची ठसठशीत सही. माळीणबाईंचा पालक शाळेत चालू राहिला. उर्मटपणाबद्दल सूनबाईला आठवडाभर बाटल्या मात्र धुवायला लावल्याच. धुतल्या तिनं. शीळ घालत, दार सताड उघडं ठेवून.