पाच एकरांचं वावर

लकव्यानं माझं उजवं अंग गेलं, तेव्हा मी अमडापूरच्या एका शाळेत कारकून होतो. कायमच्या अपंगत्वाचा विमा होता, म्हणून कंपनीकडे दावा केला. नामंजुरीचं पत्र बायकोनं वाचून दाखवलं. शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार मी रोज पायी स्वतःच्या पाच एकर शेतात जातो, असं त्यात लिहिलं होतं.

मला संडासाला न्यायलाही बायको लागते. आणि माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही.

शेजारच्या काकूंना बोलावून विचारलं. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "भाऊ, एक मानूस तुमच्या घरचं इचारून राह्यला होता. मले वाटलं, पोरीच्या सोयरिकीची चौकशी हाये. बाप खाटेवर हाये म्हनलं असतं, तं जमली असती काय सोयरीक? म्हनून सांगतलं, ठणठणीत हाये, पाच एकर वावर हाये, रोज पायी जाते."

काकूंवर काय रागवायचं? लग्नाच्या पोरीच्या बापाचं दुखणं आमच्याकडे कोणी परक्याला सांगत नाही. किळस आली ती त्या माणसाची. आपण कोण, हे न सांगता तो काकूंचा चहा पिऊन गेला आणि भिंतीपलीकडच्या माझ्या खाटेपर्यंत काही आला नाही.

मी फेरविचाराचा अर्ज केला. सरकारी दवाखान्याचा अपंगत्वाचा दाखला जोडला, शेत नसल्याचंही लिहिलं.

परवा उत्तर आलं. दाखल्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. शेताचा सातबारा तेवढा आठ दिवसांत मागितला आहे.