ओळखीचा वाटलेला माणूस

संस्थान विलीन झालं आणि बाबांची दरबारातली कचेरी मोडली. इंदूरकडून आलेले, वयाने लहान लोक त्यांचे साहेब झाले. तिथे तोंड उघडायची सोय नव्हती, सगळा राग घरी आईवर निघायचा. मारताना बाबा मराठी सोडून हिंदीत शिरत, का कोण जाणे. मारून झालं की घटकाभराने स्वतः स्टोव्ह पेटवून तिच्यासाठी चहा करत. एरवी या गृहस्थाने पाण्याचा पेलासुद्धा हाताने घेतला नाही! आई तो चहा मुकाट प्यायची, घर निवळायचं. मला त्या चहाचं भारी कौतुक. नवऱ्याचं प्रेम म्हणजे हेच, असं मी धरूनच चालले होते.

कॉलेजात असताना माझं लग्न ठरलं. मुलगा सरकारी कारकून, दिसायला छान. साखरपुड्यानंतर दोघांना फिरायची मुभा होती, तेवढे आम्ही सुधारलेले. त्यात नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, त्याचीही तिकडे बदली निघाली. दोन्ही घरांना लग्नाची घाई झाली.

एका संध्याकाळी त्याच्याबरोबर नई सडकवर साड्या बघताना दुकानदार काहीतरी गमतीचं बोलला, मी हसले. बाहेर गल्लीत आल्यावर याने माझ्या थोबाडीत मारली. वर हिंदीतच दम दिला, की औकातीत रहा. मग पाटणकर बाजारात नेऊन लस्सी पाजली, आपल्या रुमालाने माझे डोळे पुसले. आणि मला चक्क हायसं वाटलं. माणूस एकदम ओळखीचा वाटायला लागला. चला, म्हटलं, जीव आहे याचा आपल्यावर.

घरी येऊन हे सगळं मी आईला सांगितलं, लस्सीसकट, जवळजवळ मिरवतच. ती मेथी निवडत होती. तिने माझा गाल उजेडाकडे वळवून पाहिला, माझ्या बोटातली साखरपुड्याची अंगठी काढली आणि बाबांपुढे ठेवली. परत करून या, म्हणाली. बाबा चिडले. एवढ्यातेवढ्यावरून कोणी सोयरीक मोडतं का, पुरुषाचा हात कधी उठतो रागात, वगैरे.

आई शांतपणे म्हणाली, "मला लग्नानंतर कळलं. हिला आधी कळलंय."

बाबांनी टोपी घातली आणि अंगठी घेऊन गेले. मी त्या माणसासाठी कितीतरी दिवस रडले, आणि आईशी बोलणं टाकलं.