कॅरमची पावडर

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या श्रीधरपाशी तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. गेला महिनाभर माझी नुसती चिडचिड चालली आहे — लिफ्टवर, भाजीवाल्यावर, गाझियाबादच्या धुळीवर. बायको विचारते, "झालंय काय तुम्हाला?" काय झालंय ते मला नीट माहीत आहे.

आमचा एक ग्रुप आहे. नाव "जुने डबे". दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधली आठ-दहा मराठी माणसं, बरीचशी रिटायर्ड. महिन्यातून एका रविवारी श्रीधरच्या मयूर विहारच्या फ्लॅटवर जमायचं, आणि सुरुवातीच्या काळातले पर्सनल कॉम्प्युटर उघडून बसायचं. पिवळे पडलेले कीबोर्ड, हिरव्या अक्षरांचे मॉनिटर. एखादं मशीन सुरू होऊन 'बीप' वाजला की लोक टाळ्या पिटतात, बारशाला आल्यासारखे. मग साबुदाणा वडे आणि तेच ते किस्से. कॉम्प्युटरच्या एसी खोलीत चपला काढून जावं लागायचं, आणि नेमका साहेबांचाच मोजा फाटका निघाला — हा किस्सा मी निदान चाळीस वेळा ऐकला असेन.

खरं सांगू? मला या लाडांचा वैताग येतो. ज्या यंत्रांनी तेव्हा आम्हाला रडवलं, त्यांना आता मांडीवर घेऊन बसायचं? पण मी एकही रविवार चुकवत नाही. कारण श्रीधर तिथे एक किस्सा सांगतो, आणि तो सांगताना मी समोर असायलाच हवा असं मला वाटतं. पहारा म्हणा.

ग्रुपमध्ये मला "धोबी" म्हणतात. जुन्या, मोठ्या, लवचिक फ्लॉप्या असतात ना — त्यांचं काळं पाकीट एका कडेने कापायचं, आतली गोल चकती काढायची, साबणाच्या कोमट पाण्यात बोटाने हलकेच धुवायची, सुकवून नव्या पाकिटात घालायची. मग ती पुन्हा वाचता येते. माझा हात हलका आहे. लोक विश्वासाने आणून देतात.

श्रीधरचा किस्सा असा. आम्ही दोघं एकाच ऑफिसात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. तेव्हा मशीनवर हिंदी कशीबशी उमटायची, पण आपला 'ळ' नसायचा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या पत्रिकेत आम्ही सगळे "मंडल" व्हायचो. म्हणून श्रीधरने स्वतःचा मराठी प्रोग्राम लिहिला. अक्षरं काढली वसुधावहिनींनी — त्याच्या बायकोने. ग्राफपेपरवर एकेक चौकोन पेन्सिलने भरत. रोज एक अक्षर, पोळ्या आटोपल्यावर. तो दुसऱ्या दिवशी ते चौकोन मशीनमध्ये भरायचा. दोन वर्षं लागली. सगळं एका फ्लॉपीवर मावलं. ग्राफपेपर पुढे घर बदलताना रद्दीत गेले.

"आणि माझी मायबोली बुरशीने खाल्ली!" असं तो शेवटी म्हणतो. लोक हसतात. पूर्वी वहिनीही हसायच्या, आतून वडे आणता आणता. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. किस्सा तो अजून सांगतो, पण सांगून झाल्यावर जरा वेळ ताटलीकडे बघत बसतो.

बुरशी नव्हती. मी होतो.

एका दुपारी शेजारच्या विभागातल्या कुणीतरी मला एक खेळ दिला — विटा फोडायचा. कोरी फ्लॉपी माझ्याकडे नव्हती. श्रीधर रजेवर, त्याची फ्लॉपी खोक्यात समोर. कडेच्या खाचेवर त्याने चंदेरी पट्टी चिकटवलेली. आमच्या लोकांत त्या पट्टीचा अर्थ एकच — हिच्यावर लिहू नका. मी ती नखाने सोलली. दुसरी कॉपी असेलच की त्याच्याकडे, असं स्वतःला सांगितलं. सगळं डिलीट केलं, खेळ भरला, आणि संध्याकाळपर्यंत विटा फोडल्या. पहिल्या दहा नंबरांच्या यादीत दहाही वेळा माझं नाव, आडनावासकट.

दुसरी कॉपी नव्हती.

तो परत आला तेव्हा मी काय केलं असेल? क्लबरूममधून कॅरमची पावडर आणली, चिमूटभर फ्लॉपीच्या लांबट खिडकीत चोळली, आणि त्याला दाखवली. "बुरशी धरलीये रे. ड्राइव्हमध्ये घालू नकोस, मशीनचं हेड खराब होईल." मशीन माझ्या ताब्यात होतं, त्यामुळे माझा शब्द शेवटचा. त्याने ती कधी घातली नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली. इतकी वर्षं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, तरुण वय, गाढवपणा. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण मी हे सांगायला बसलेलो नाही.

दोन महिन्यांपूर्वी ग्रुपमध्ये ऋचा आली. गुरुग्रामच्या एका कंपनीत इंजिनिअर, चाळिशीची, भलतीच हुशार. तिच्याकडे एक छोटं यंत्र आहे. ते फ्लॉपीवरच्या फायली नाही, थेट चुंबकाचे ठसे वाचतं. जे पुसलंय असं वाटतं तेही कधीकधी सापडतं. श्रीधर उठला, आतून ती पिशवी घेऊन आला. ऋचाने फ्लॉपी उजेडात धरली.

"काका, ये फंगस नहीं लगता यार. पावडरसारखं काहीतरी आहे."

"जुनी बुरशी सुकली की अशीच दिसते," मी म्हणालो. एवढ्या घाईने की दोघांनी माझ्याकडे पाहिलं. खाई त्याला खवखवे.

श्रीधरने फ्लॉपी माझ्या हातात दिली. "तू धुऊन आण. तुझ्याशिवाय कुणाला नाही देणार."

आता जे सांगायचंय ते हे. डिलीट केल्याने मजकूर जात नाही — आम्हा डबेवाल्यांना हे पाठ असतं. अनुक्रमणिका फाडली तरी पुस्तकाची पानं राहतात, तसं. खेळ एवढासा होता. त्याने फार तर पाव जागा अडवली असेल. उरलेल्या जागेत वहिनींची अक्षरं अजून होती. असणारच होती. मी जे पुसलं होतं, त्यातलं पाऊण हिस्सा तरी त्या फ्लॉपीने वाचवून ठेवलं होतं. आणि त्याच चकतीवर माझं नावही होतं, दहा वेळा.

ती चार दिवस माझ्या टेबलावर होती. मी सांगू शकत होतो. फोन शेजारीच होता.

बुधवारी सकाळी, बायको बँकेत गेली असताना, मी मोडक्या स्पीकरमधला गोल चुंबक काढला आणि चकतीवर फिरवला. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. कपड्याला इस्त्री करावी तसा, कडेपर्यंत. मग ती छान धुतली. नवं पाकीट घातलं.

पुढच्या महिन्याच्या रविवारी ऋचाच्या स्क्रीनवर काहीच आलं नाही. सगळा राखाडी पट्टा. तिने तीनदा प्रयत्न केला, कपाळाला आठी घालून. "अजीब आहे," ती म्हणाली. "इतकं कोरं सहसा नसतं." कुणीतरी "बुरशी झिंदाबाद" म्हणालं, आणि लोक हसले. श्रीधरही हसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू धुतलीस एवढी, पुष्कळ झालं." माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. संताप आला हो मला — त्याचा! असा कसा रे विश्वास ठेवतोस? इतकी वर्षं? त्याच्यावर चिडायला मला लाज कशी वाटली नाही?

आता त्याने नवे ग्राफपेपर आणले आहेत. वहिनींची अक्षरं आठवून पुन्हा काढतोय. त्याला सगळी आठवत नाहीत. "तू रोज स्क्रीनवर बघायचास," तो मला म्हणतो. "तिचा 'ळ' कसा होता रे?" 'ळ' मला आठवतो. डावा गोल जरा मोठा, उजवा दबलेला. मी काढून दिला. त्याने कागद डोळ्यांजवळ धरला आणि मला थँक्यू म्हणाला.

तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन येतो. एकेक अक्षर विचारतो. मी पेन्सिल घेऊन बसतो, चौकोन भरतो, फोटो पाठवतो. बिल्कुल असंच होतं, असं तो कळवतो.

त्यातली सहा-सात अक्षरं मला खरंच आठवतात. बाकीची मी मनाने काढून पाठवतो आहे.